पूलचा तो उग्र वास: मोकळा क्लोरीन आणि अडकलेला क्लोरीन

मे महिना लागला की घोडबंदर रोडवरच्या मोठ्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज हमखास पडतो: "पूलमध्ये क्लोरीन फार मारताय, मुलांचे डोळे लालबुंद झालेत. कमी करा." खाली कुणीतरी काका लिहितात, "वास येतोय म्हणजे पाणी स्वच्छ आहे, उगाच काय!" मॅनेजर दोघांनाही हात जोडल्याचा इमोजी टाकतो आणि दुसऱ्या दिवशी डोस कमी करायला सांगतो. यात तिघांचंही चुकतं. त्या वासाचं कारण बहुतेक वेळा जास्तीचा क्लोरीन नसतो, उलट कामाचा क्लोरीन कमी पडलेला असतो.

पूलच्या पाण्यात क्लोरीन दोन अवस्थांत सापडतो. पूल सांभाळणारे त्यांना 'फ्री' आणि 'कंबाइंड' म्हणतात. आपण मोकळा आणि अडकलेला म्हणू.

हायपोचा म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणाचा कॅन ओता, कॅल्शियम हायपोक्लोराइटची दाणेदार पावडर टाका किंवा ट्रायक्लोरच्या गोळ्या तरंगत्या डब्यात ठेवा, पाण्यात शेवटी तयार होतं ते हायपोक्लोरस आम्ल. जंतू मारण्याचं मुख्य काम त्याचं. ब्रोशरमध्ये 'सॉल्ट वॉटर पूल' असं ऐटीत छापलेलं असलं तरी फरक पडत नाही, तिथलं यंत्र मिठापासून क्लोरीनच बनवतं. हा झाला मोकळा क्लोरीन. पाण्यातल्या नेहमीच्या प्रमाणात त्याचा वास फारसा जाणवत नाही. त्याची ताकद मात्र पीएचवर अवलंबून असते. पीएच ७.२ असेल तर मोकळ्या क्लोरीनचा सुमारे दोन तृतीयांश भाग हायपोक्लोरस आम्लाच्या रूपात असतो, ७.५ला जेमतेम निम्मा आणि ८ला पाव. उरलेला हायपोक्लोराइट आयन होऊन बसतो आणि तो जंतू मारण्यात फारच ढिला.

आता अडकलेला. घाम आणि लघवी यांतून पाण्यात युरिया, अमोनिया, क्रिएटिनिन, अमिनो आम्लं येतात. या सगळ्यांत नायट्रोजन असतो, मोकळा क्लोरीन त्याला जाऊन चिकटतो आणि क्लोरामाइन तयार होतात. ठाणे स्टेशनबाहेर संध्याकाळी रिक्षा पुष्कळ दिसतात, पण भाडं बसलेली रिक्षा तुमच्या काय कामाची? क्लोरामाइनचं तसंच. क्लोरीन पाण्यात आहे, मोजणीत येतो, पण जंतू मारायला जवळजवळ निकामी.

अमोनियाला क्लोरीनचा एक अणू चिकटला की मोनोक्लोरामाइन, दोन चिकटले की डाय, तीन चिकटले की ट्रायक्लोरामाइन. खरा उपद्रवी हा तिसरा. तो पाण्यात फार टिकत नाही, हवेत निसटतो आणि पाण्याच्या पृष्ठभागालगतच्या हवेत राहतो. पोहणाऱ्याचं नाक नेमकं तिथेच असतं. 'पूलचा वास' म्हणून आपण जो ओळखतो तो मुख्यतः याचा. डोळे चुरचुरणं, नाक वाहणं, पोहून आल्यावरचा कोरडा खोकला यांमागेही बरेचदा हाच असतो, अर्थात पीएच बिघडला असेल तरी डोळे झोंबतात. गच्चीवरच्या किंवा उघड्या पोडियमवरच्या पूलमध्ये वारा त्याला घेऊन जातो. पोडियमच्या खाली, तीन बाजूंनी काच लावलेल्या पूलमध्ये तो साचतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००६च्या मार्गदर्शिकेत बंदिस्त पूलच्या हवेसाठी ट्रायक्लोरामाइनची तात्पुरती मर्यादा घनमीटरला ०.५ मिलिग्रॅम अशी सुचवली आहे. ही हवा मोजणारी सोसायटी निदान माझ्या ऐकिवात नाही.

गोंधळ वाढतो तो टेस्ट किटमुळे. बहुतेक पूलवर एक छोटा प्लास्टिकचा ठोकळा असतो, त्यात शेजारी शेजारी दोन नळ्या. एका नळीत लाल रंग येतो, तो पीएचचा. दुसरीत पूलवाला ओटीओ म्हणजे ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकतो, बोटाने बंद करून हलवतो, उजेडाकडे धरतो. पाणी पिवळं झालं की "क्लोरीन ओके" म्हणून रजिस्टरमध्ये लिहून मोकळा. पण हा पिवळा रंग एकूण क्लोरीनचा आहे. त्यात मोकळ्या रिक्षा किती आणि भरलेल्या किती, हे ओटीओ सांगत नाही. वासाने डोकं दुखणाऱ्या पूलमध्येही छान गडद पिवळा रंग येऊ शकतो, आणि मग तक्रार करणाऱ्याला तीच नळी पुरावा म्हणून दाखवली जाते.

त्यासाठी डीपीडी नावाच्या रसायनाचं किट लागतं. पूलच्या पाण्यात एक नंबरची गोळी चुरडून टाकली की गुलाबी रंग येतो, तो मोकळा क्लोरीन. लगेच वाचायचा, थांबायचं नाही. मग त्याच नळीत तीन नंबरची गोळी टाकायची. रंग होता तसाच राहिला तर उत्तम. गडद झाला तर जेवढा वाढला तेवढा अडकलेला क्लोरीन. समजा पहिलं रीडिंग ०.६ आलं आणि दुसरं १.६, तर लिटरमागे १ मिलिग्रॅम क्लोरीन क्लोरामाइनमध्ये गेलाय. मोकळा १ ते ३च्या दरम्यान आणि अडकलेला शक्यतो ०.२च्या खाली हवा, म्हणजे या पूलची दोन्ही बाजूंनी बोंब आहे. ओटीओने याच पाण्याला "दीडच्या वर, ओके" म्हटलं असतं.

ट्रायहॅलोमिथेन ही आणखी वेगळी भानगड. क्लोरीन कार्बनयुक्त सेंद्रिय पदार्थांशी भिडला की क्लोरोफॉर्मसारखी संयुगं बनतात. रॉटरडॅममध्ये योहानेस रूक यांनी १९७४ साली ती पिण्याच्या पाण्याबाबत दाखवून दिली. पूलमध्येही ती बनतात, पण नाकाला कळत नाहीत. तेव्हा वासावरून "कॅन्सरवाली केमिकल्स" असा निष्कर्ष काढून ग्रुपवर फॉरवर्ड पाठवू नका. आणि क्लोरामाइन सगळीकडे खलनायक नाहीत. अमेरिकेतल्या कित्येक शहरांत नळाच्या पाण्यात मोनोक्लोरामाइन मुद्दाम घालतात, कारण लांबच लांब पाइपांत तो जास्त टिकतो. आपल्या आयएस १०५०० मानकातही पिण्याच्या पाण्यात क्लोरामाइनला लिटरमागे ४ मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे.

मग पूलमध्ये करायचं काय? इथे रहिवाशांच्या तक्रारीतलं एक निरीक्षण अगदी खरं आहे: "क्लोरीन टाकला की वास वाढतो." वाढतोच, जर थोडा थोडा टाकला तर. अर्धवट डोसने मोनोचे डाय आणि ट्राय होतात. क्लोरामाइन मोडायचे तर एकदम, भरपूर डोस लागतो. ढोबळ नियम असा की अडकलेल्या क्लोरीनच्या दहापट. वरच्या उदाहरणात लिटरमागे १०च्या आसपास. एक लाख लिटरच्या पूलसाठी हा हिशोब १ किलो क्लोरीनचा होतो, म्हणजे १० टक्क्यांचं हायपो सुमारे १० लिटर. कॅन उन्हात पडून असेल तर त्यात १० टक्के उरलेले नसतात, ठाण्याच्या उन्हाळ्यात हायपो भराभर उतरतं.

हे रात्री, पूल बंद करून, पंप चालू ठेवून. बंदिस्त जागा असेल तर दारं-खिडक्या सताड उघड्या, कारण मोडताना ट्रायक्लोरामाइन हवेत सुटतो. हायपो आणि आम्ल एकाच बादलीत कधीही नाही. त्यातून जो वायू उठतो तो मात्र अस्सल क्लोरीन असतो आणि तो माणसाला दवाखान्यात पोचवतो. ट्रायक्लोर आणि कॅल्शियम हायपोक्लोराइटचा चमचाही एक नको, दोघं एकत्र आले तर पेट घेऊ शकतात.

असा एकदम मोठा डोस, म्हणजे 'शॉक', देऊनही सगळे क्लोरामाइन जात नाहीत, युरियापासून बनलेले चिवट असतात. त्यांच्यावर उपाय पाणी बदलण्याचा. मार्गदर्शिकांत माणशी ३० लिटरपर्यंत ताजं पाणी सांगितलंय. टँकरच्या भावात हे कमिटीला परवडणार नाही, हे मलाही कळतं. त्यामानाने स्वस्त म्हणजे पोहण्याआधीची अंघोळ. एक मिनिट नीट शॉवर घेतला तरी अंगावरचा बराचसा घाम आणि मळ पूलबाहेर राहतो. पण पूलशेजारचा शॉवर सुरू असलेल्या सोसायट्या शोधाव्या लागतात, आणि जिथे सुरू असतो तिथे लोक आत जाताना नाही, बाहेर येताना त्याखाली उभे राहतात. लहानग्यांना दर अर्ध्या-पाऊण तासाने बाहेर काढून बाथरूमला नेणं हे आई-बाबांचं काम. ते पूलवाल्याने सांगितलं की लोकांना राग येतो.

सकाळच्या बॅचसाठी दार उघडण्याआधी पुन्हा दोन्ही गोळ्या: मोकळा क्लोरीन ३च्या आसपास उतरलेला, तीन नंबरच्या गोळीने रंग हललेला नाही आणि पीएच ७.२ ते ७.६च्या मध्ये. तोवर कुलूप, मग बाहेर कोचिंगवाले सर कितीही शिट्टी वाजवोत.