कोणी नेत नाही अशा कुत्र्यासाठी अर्ज करताय? फॉर्म नेमका कुठे अडकतो ते आधी वाचा

म्हातारा कुत्रा, तीन पायांचा, आंधळा, बहिरा, फिट्स येणारा, माणूस दिसला की कोपऱ्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून बसणारा, नाहीतर एकमेकांशिवाय खातच नाहीत म्हणून एकत्रच द्यायची असलेली जोडी. पिल्लं पटापट जातात आणि ही मंडळी शेल्टरमध्ये वर्षानुवर्षं तशीच राहतात. मग कधीतरी त्यांच्यासाठी कोणाचा तरी फॉर्म येतो आणि तोही रिजेक्ट होतो. मी व्हॉलंटियर म्हणून असे फॉर्म वाचते आणि खरं सांगते, नाकारलेल्यांपैकी बरीचशी घरं चांगली असतात, अर्ज मात्र दरवेळी त्याच चार-पाच जागी अडकतो. म्हणून हे लिहितेय. ज्यांना एकदा नकार आलाय त्यांनी तर नक्की वाचा.

सोप्या गोष्टी आधी उरकते. वय 18 पूर्ण लागतं, काही संस्था 21 मागतात. ओळखपत्र, राहत्या पत्त्याचा पुरावा, घराचे फोटो किंवा छोटा व्हिडिओ, आणि घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाची सही. ही सही सगळ्यांची हवी, "बाकीच्यांना काही प्रॉब्लेम नाही" असं एकाने लिहून चालत नाही. नोकरी करणाऱ्यांना देत नाहीत, एकट्या माणसाला देत नाहीत, फ्लॅटवाल्यांना देत नाहीत असं बरेच जण धरून चालतात आणि अर्जच करत नाहीत. हा नियम सरसकट कुठेच नसतो. म्हातारा कुत्रा दिवसातला बराच वेळ झोपूनच असतो, आणि पुढचा पाय गेलेल्या कुत्र्याला जिन्यांच्या मोठ्या घरापेक्षा एका पातळीवरचा छोटा फ्लॅट कधीही बरा, कारण कुत्र्याचं साधारण 60 टक्के वजन पुढच्या पायांवर असतं आणि जिना उतरताना तो सगळा भार उरलेल्या एकाच पायावर येतो.

आता जिथे गाडी खरंच अडते ते.

भाड्याच्या घरात राहत असाल तर घरमालकाचं पत्र. "त्यांना फोनवर विचारलंय, हो म्हणालेत" यावर अर्ज पुढे जात नाही, आणि यात संस्थेचा हेकेखोरपणा नाहीये. परत आलेल्या कुत्र्यांमागे घरमालकाने नंतर मनाई केली हे कारण इतक्या वेळा असतं की तोंडी होकारावर कोणी विश्वास ठेवायला तयार नसतं. पत्रात कुत्र्याचा अंदाजे आकार आणि वय लिहून घ्या. नुसतं "पाळीव प्राणी चालेल" असं असेल आणि घरी 35 किलोचा कुत्रा आला तर तेच पत्र उद्या काही कामाचं नाही. बिल्डिंगची कमिटी असेल तर तिचे नियम वेगळे वाचा, आणि कुत्रा लिफ्टने न्यावा लागणार असेल तर तेही आधीच विचारून ठेवा, कारण मागचे पाय गेलेल्या कुत्र्याला रोज कितीदा उचलून वरखाली न्यायचं हा प्रश्न तुम्हाला पहिल्याच दिवशी पडणार आहे.

दुसरं म्हणजे व्हेटचा रेफरन्स, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरने तुमच्याबद्दल दिलेलं पत्र. हा कागद बहुतेकांकडे नसतो आणि संस्था तरी तो छापील फॉर्ममध्ये कंपल्सरी म्हणून टाकतात, याचा मला मनापासून राग येतो. ज्याने आयुष्यात कधी कुत्रा पाळला नाही त्याने व्हेटचं पत्र आणायचं कुठून? लोक तो रकाना रिकामा सोडतात आणि अपूर्ण अर्ज म्हणून फाइल बाजूला पडते. रिकामा सोडू नका. तिथे स्पष्ट लिहा की हा पहिलाच कुत्रा आहे, आणि जवळच्या एखाद्या व्हेटकडे जाऊन, अमुक आजाराचा कुत्रा घ्यायचा विचार आहे, तुम्ही त्याच्यावर उपचार कराल का, एवढं विचारून या, मग त्या दवाखान्याचं नाव आणि रात्री-अपरात्री कुठे नेणार ते लिहा. अवघड कुत्र्याच्या बाबतीत जुन्या रेफरन्सपेक्षा याला जास्त वजन आहे. घरात आधीच कुत्रा असेल तर त्याचं लसीचं कार्ड आणि नसबंदीचा दाखला मागतात. दाखला हरवला असेल तर घाबरू नका, व्हेट कुत्र्याला तपासून, टाक्याची खूण किंवा कानाची खाच बघून तसं लिहून देऊ शकतो. लसीचं कार्ड सापडतच नसेल तर शेवटचं इंजेक्शन कधी दिलं होतं ते आठवत बसण्यापेक्षा व्हेटला विचारून पुन्हा लस देऊन टाका आणि नवीन कार्ड बनवा.

"हाच कुत्रा का?" हा रकाना सगळ्यात जास्त अर्ज पाडतो. तिथे लिहिलेलं असतं, फोटो बघून खूप दया आली. अहो, दया येणारच, आम्हालाही येते, पण वाचणाऱ्याला तिथे तुमचा दिवस दिसायला हवा असतो. फिट्स येणाऱ्या कुत्र्याला बहुतेक वेळा दिवसातून दोनदा, बारा-बारा तासांच्या अंतराने गोळी द्यावी लागते आणि ती मनाने बंद केली तर फिट्स उलट वाढू शकतात. मग लिहा की सकाळी सातला कोण देणार, संध्याकाळी सातला कोण देणार, तुम्ही गावाला गेलात तर कोण. मागचे पाय लुळे असलेल्या कुत्र्याची लघवी बऱ्याचदा पोट हाताने दाबून काढावी लागते, दिवसातून तीन-चार वेळा, आणि हे व्हिडिओ बघून येत नाही, व्हेटकडे हात लावून शिकावं लागतं. "आम्ही शिकायला येऊ, कधी येऊ सांगा" एवढी एक ओळ ज्या अर्जात असते तो अर्ज वर जातो. आंधळ्या कुत्र्यासाठी लिहा की फर्निचर सारखं हलवणार नाही आणि जिन्याला फाटक लावणार. बहिऱ्यासाठी लिहा की हाताच्या खुणांनी शिकवणार, झोपेत अचानक हात लावून दचकवणार नाही आणि बाहेर पट्ट्याशिवाय सोडणार नाही.

डिस्टेम्पर या कुत्र्यांच्या संसर्गजन्य विषाणूच्या आजारातून वाचलेल्या कुत्र्यांबद्दल थोडं वेगळं सांगते, कारण त्यांना सगळ्यात जास्त गैरसमजामुळे नकार मिळतो. गाढ झोपलेला असतानाही त्याचा एक पाय नाहीतर जबडा ठरावीक लयीत उडत राहतो, बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो आणि घरच्या कुत्र्याला लागण होईल म्हणून लोक मागे फिरतात. ते उडणं म्हणजे आजाराने नसांना केलेली इजा आहे, ते आयुष्यभर राहू शकतं आणि त्या उडण्यातून कोणाला काही होत नाही. विषाणू मात्र आजार ओसरल्यावरही काही आठवडे, कधी काही महिने अंगातून बाहेर पडू शकतो, म्हणून संस्था त्याला तेवढा काळ वेगळं ठेवतात. तुम्ही फक्त आजार कधी झाला होता, व्हेटने मोकळा कधी केला आणि घरातल्या कुत्र्यांची डिस्टेम्परची लस चालू आहे ना, हे तीन मुद्दे तपासा.

आता एक दुखरा रकाना. "गेल्या वर्षभरात घरात कुत्रा गेला आहे का, कशाने?" लोक हे लपवतात नाहीतर "आजारपण" एवढंच लिहितात. समजू शकते मी, ते लिहिताना हात थांबतो. पण हा प्रश्न तुमच्यावर दोष ठेवायला विचारलेला नसतो. पार्व्हो या कुत्र्यांच्या जीवघेण्या संसर्गजन्य आजाराने कुत्रा गेला असेल तर त्याचा विषाणू घरात आणि अंगणात महिनोन्महिने टिकून राहतो, साध्या फिनेलने जाईलच असं नाही, त्याला ब्लीचसारखं काहीतरी लागतं. त्यामुळे तिथे लस पूर्ण न झालेलं पिल्लू देता येत नाही. पण सगळ्या लसी झालेला मोठा कुत्रा बऱ्याचदा देता येतो, आणि अवघड म्हणून मागे राहिलेले बहुतेक मोठेच असतात. खरं लिहिलंत तर दार बंद होत नाही, लपवलंत आणि व्हेटच्या फोनवरून कळलं तर होतं.

चावल्याची नोंद असलेला कुत्रा असेल तर कागदात "10 दिवस निरीक्षण पूर्ण" असं दिसेल, आणि ते वाचून लोकांना वाटतं की स्वभावाची परीक्षा झाली, आता चावणार नाही. तसं अजिबात नाही. हे 10 दिवस फक्त रेबीजसाठी असतात. चावल्यानंतर 10 दिवस कुत्रा ठणठणीत राहिला तर चावताना त्याच्या लाळेत रेबीजचा विषाणू नव्हता, एवढाच त्याचा अर्थ. तो का चावला, खाताना की शेपटीवर पाय पडला म्हणून की औषध घालताना, हे वेगळं विचारा आणि लेखी मागा. जी संस्था हे सांगायला टाळाटाळ करते तिथून घाईने कुत्रा आणू नका, घरात लहान मुलं असतील तर अजिबात नको. आणि कोणालाही कुत्रा चावला तर 10 दिवस संपायची वाट बघत घरी बसायचं नसतं, जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं.

जोडीसाठी अर्ज करताना "दोघांपैकी एक मिळेल का" असं लिहू नका, कितीही नम्रपणे लिहिलं तरी तो अर्ज तिथेच थांबतो. आंधळ्या कुत्र्याची सोबतीण गेली की तो खाणंपिणं सोडतो असं बघितलेलं असतं म्हणूनच जोडी ठरवलेली असते. दोघं झेपत नसतील तर दुसऱ्या कुत्र्यासाठी अर्ज करा.

वयस्कर अर्जदारांना एक पत्र जास्तीचं मागतात, तुम्हाला काही झालं तर कुत्रा कोण सांभाळेल त्या माणसाची सही असलेलं. हे फार जणांना अपमानास्पद वाटतं आणि मागायची पद्धतही कित्येकदा रुक्ष असते, ती बदलायला हवी. माझं मत विचाराल तर हे पत्र तिशीतल्या अर्जदाराकडूनही घ्यावं. सत्तरीतल्या माणसाच्या घरी दहा वर्षांचा शांत कुत्रा, यापेक्षा चांगली जमणारी जोडी मी क्वचित बघितली आहे, तेव्हा त्या एका कागदासाठी मागे हटू नका.

होम व्हिजिटला घर आवरून ठेवायची गरज नाही, येणारा माणूस गॅलरीच्या गजांमधलं अंतर, फाटकाची कडी आणि गुळगुळीत फरशी बघतो. म्हाताऱ्या आणि तीन पायांच्या कुत्र्यासाठी चालायच्या वाटेवर सतरंज्या किंवा रबरी मॅट टाकून ठेवल्यात तर अर्धं काम तिथेच झालं.

मग ट्रायलची, म्हणजे कायमचा द्यायच्या आधी कुत्रा घरी ठेवून बघायची मुदत, आणि इथे तारखांचा घोळ ठरलेला. फॉर्म मंजूर झाल्याची तारीख वेगळी, कुत्रा घरी आल्याची वेगळी, करारावर सही झाल्याची वेगळी. ट्रायल बहुतेक ठिकाणी कुत्रा घरी आल्यापासून धरतात, पण सगळीकडे नाही, म्हणून करारात कुठली तारीख आहे ते बोट ठेवून वाचा आणि मुदत कमी वाटली तर वाढवून मागा, लेखी. रेस्क्यूवाले तीन-तीन-तीन असा एक ठोकताळा वापरतात, पहिले 3 दिवस कुत्रा बावरलेला, 3 आठवड्यांत त्याला घराची लय कळते, 3 महिन्यांत तो खऱ्या अर्थाने रुळतो. भित्र्या कुत्र्याला याहून जास्त लागतात. आणि आमच्याकडे परत करायचे फोन येतात तिसऱ्या-चौथ्या दिवशी, पलंगाखालून बाहेरच येत नाही म्हणून. येईल हो बाहेर. वाटी जवळ सरकवा, बाजूला जमिनीवर पाठ करून बसा, ओढून काढू नका. ट्रायलमध्ये कुत्रा कायद्याने अजून संस्थेचाच असतो, त्यामुळे मोठा उपचार करायच्या आधी त्यांना कळवा आणि खर्च कोणाचा ते मेसेजवर लिहून घ्या.

कुत्रा दुसऱ्या देशात जाणार असेल तर तारखा अजून कडक. युरोपियन युनियनमध्ये नेताना चिप (कातडीखाली बसवतात ती ओळखीच्या नंबराची) आधी आणि रेबीजची लस नंतर हा क्रम हवा, उलटा झाला तर लस धरतच नाहीत. लस 12 आठवड्यांच्या आधी चालत नाही आणि पहिल्या लसीनंतर 21 दिवस थांबावं लागतं. काही देशांतून येणाऱ्या कुत्र्यांची रक्ततपासणीही लागते, तिचा नमुना लसीनंतर किमान 30 दिवसांनी घ्यायचा आणि पुढे थांबायचे तीन महिने नमुना घेतल्याच्या दिवसापासून मोजायचे. लोक रिपोर्ट आल्याच्या दिवसापासून मोजतात आणि तिकिटं उगाच पुढे ढकलतात, नाहीतर लसीपासून मोजतात आणि कुत्रा विमानतळावर अडकतो.

शेवटचा कागद म्हणजे चिपचं हस्तांतर. चिप तांदळाच्या दाण्याएवढी असते, तिच्यात 15 आकडी नंबर असतो, बॅटरी नाही, जीपीएस नाही, ती कुत्रा शोधून देत नाही. सापडलेल्या कुत्र्यावर स्कॅनर फिरवला की नंबर दिसतो आणि त्या नंबरापुढे ज्याचा फोन नोंदलेला असेल त्याला कॉल जातो. संस्थेचा जुना बंद पडलेला नंबर तिथे तसाच असेल तर काही उपयोग नाही. भित्रे कुत्रे पळून जातात ते बहुतेक पहिल्या काही दिवसांतच, त्यामुळे ट्रायल चालू असतानाच तुमचा नंबर दुसरा संपर्क म्हणून टाकून घ्या, करार पक्का व्हायची वाट बघू नका.

आणि नकार आला तर कारण लेखी मागा. उत्तर आलं नाही तर आठवड्याने परत मेल करा, बरेचसे अर्ज नाकारलेले नसतात, कोणीतरी वाचायचे राहिलेले असतात, आणि हे संस्थांनी सुधारायलाच हवं, कारण तिकडे पिंजऱ्यातल्या कुत्र्याचं वय वाढत असतं. नकाराचं कारण कागद असेल तर तो जोडून त्याच अर्जाच्या नंबरावर पाठवा, नवीन फॉर्म भरलात तर रांगेत पुन्हा शेवटी जाल. कारण "या कुत्र्याला हे घर जमणार नाही" असं असेल तर तुमच्या घराला कुठला जमेल ते त्यांनाच विचारा, तिथल्या लोकांना प्रत्येकाचा स्वभाव पाठ असतो.