खुरपणी नव्हे, उठणं जपा

हृदयविकाराचा झटका येऊन गेला की घरची मंडळी आधी आजोबांच्या हातातलं खुरपं काढून घेतात. ही काळजी चुकीच्या जागी आहे. प्रकृती स्थिर झाली आणि डॉक्टरांनी परवानगी दिली की परसबागेतलं काम चालण्याच्या तोडीचा व्यायाम ठरतं. निवांत बसल्यावर शरीराला लागते त्याच्या साधारण साडेतीनपट ऊर्जा खुरपणीला लागते. खणायला पाचपट किंवा जास्त, म्हणून कुदळ तेवढी दुसऱ्याच्या हाती द्या.

धोका आहे तो उठण्यात. मोगऱ्याच्या बुडाशी उकिडवं बसलं की पोटऱ्या-मांड्या दाबल्या जातात आणि पायांतलं रक्त वर सरकतं. झटकन उभं राहिलं की अर्धा लिटर किंवा अधिक रक्त पाय आणि पोटाच्या शिरांत उतरतं. हृदयाकडे परतणारं रक्त कमी पडतं, म्हणून प्रत्येक ठोक्याला बाहेर पडणारंही कमी होतं आणि रक्तदाब घसरतो. मानेतल्या धमनीच्या आणि महाधमनीच्या भिंतीत ताण ओळखणारी चेतातंतूंची टोकं असतात. भिंत सैल पडली की त्यांचे संदेश विरळ होतात. त्यावरून मेंदू ठोके वाढवतो, रक्तवाहिन्या आवळतो. तरुणपणी हे काही सेकंदांत उरकतं. उतारवयात धमन्या ताठरतात, ताणातला फरक नीट टिपला जात नाही. मधुमेहात हे चेतातंतूच अधू होऊ शकतात. त्यात हृदयविकारावरच्या औषधांची भर: बीटा ब्लॉकर ठोके वाढू देत नाही, लघवीची गोळी शरीरातलं पाणी कमी करते, नायट्रेट शिरा सैल सोडतं. मग डोळ्यांपुढे अंधारी येते. ती नजर लागल्याची खूण नव्हे. मीठ-मोहऱ्या ओवाळत बसू नका, माणसाला आधी आडवं करा.

त्यापेक्षा उकिडवं बसूच नये. खुर्चीच्या उंचीचं, सुमारे 45 सेंमीचं स्टूल घ्यावं, कुंड्या विटांवर चढवाव्यात. उठण्याआधी पावलं चवड्या-टाचेवर 15-20 वेळा वरखाली करावीत. पोटरीचे स्नायू शिरा पिळून रक्त वर लोटतात. मग आधार धरून उभं राहावं आणि 30 आकडे मोजूनच पाऊल उचलावं.

आपली काळी माती सुकली की दगड, भिजली की खुरप्याला चिकटते. सुक्या जमिनीतली हराळी ओढताना माणूस नकळत श्वास कोंडतो, छातीतला दाब वाढतो आणि रक्तदाब एकदम वरखाली होतो. वाफसा आल्यावरच, म्हणजे माती ओलसर पण चिकटत नसेल तेव्हाच, तण काढा, ओढताना तोंडानं श्वास सोडा. 10 लिटरची बादली म्हणजे 10 किलो वजन. त्यापेक्षा 3 लिटरच्या झारीनं जास्त फेऱ्या बऱ्या.

सुरुवात 10 मिनिटांनी करा. बीटा ब्लॉकर चालू असताना नाडीवरून श्रम कळत नाहीत. सलग वाक्य बोलता येतंय ना, एवढं पाहा. परभणी-नांदेडकडे मे महिन्यात पारा 42 अंशांपलीकडे जातो, तेव्हा काम सकाळी आठच्या आत आटपा. हृदय कमजोर असल्यामुळे डॉक्टरांनी पाणी मोजून दिलं असेल, तर ‘उन्हाळ्यात भरपूर प्या’ हा सल्ला परस्पर लागू करू नका, त्यांनाच विचारा. छातीत दाब आला, घाम सुटला तर तिथेच खाली बसा. डॉक्टरांनी दिलेली जिभेखालची गोळी बसूनच घ्या, कारण तीही रक्तदाब उतरवते. 5 मिनिटांत बरं वाटलं नाही तर 108 ला फोन लावा.