पिवळं कार्ड आणि सहा दिवसांचं क्वारंटाईन

केनियाला निघालेल्या माणसाला जाताना कदाचित कोणी पीतज्वराच्या (यलो फीव्हरच्या) लशीचं प्रमाणपत्र, म्हणजेच पिवळं कार्ड, विचारणारही नाही. गाडी अडते ती परत येताना. आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेतल्या पीतज्वराच्या देशांतून येणाऱ्याकडे ग्राह्य प्रमाणपत्र नसेल, तर भारतातल्या विमानतळावर त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येतं. भारतीय पासपोर्ट असला तरी सुटका नाही.

इतकी कडक तपासणी कशासाठी? हा आजार खोकल्या-शिंकेतून पसरत नाही, डासांमधून पसरतो. भारतात पीतज्वर नाही, पण डेंग्यूवाला एडिस डास घरोघरी आहे, आणि हाच डास पीतज्वरही पसरवतो. म्हणजे इथलं क्वारंटाईन रुग्णाला माणसांपासून नव्हे, डासांपासून दूर ठेवण्यासाठी. लागण झाल्यावर लक्षणं दिसायला तीन ते सहा दिवस लागतात, म्हणून मुदत सहाच दिवसांची. हे दिवस पीतज्वराचा देश सोडल्यापासून मोजतात. वाटेत दुबईत चार दिवस काढले असतील, तर उरतात दोनच.

लस सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते. इतरत्र टोचून आणलेल्या लशीचा कागद चालत नाही. केंद्राची वेळ आधी घ्या. मूळ पासपोर्ट आणि त्याची झेरॉक्स सोबत ठेवा, चालू औषधांची आणि अंड्याच्या ॲलर्जीची माहितीही द्या. लस जिवंत, पण दुर्बल केलेल्या विषाणूची असल्याने लहान बाळं, गरोदर स्त्रिया, साठीपुढचे आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले यांच्याबाबत निर्णय डॉक्टरच घेतात. लस देणं धोक्याचं असेल तर तसं लेखी पत्र मिळतं. पण त्याने विलगीकरण टळेलच असं नाही.

सगळ्यात जास्त घोळ तारखेचा होतो. प्रमाणपत्र लशीनंतर दहा दिवसांनी ग्राह्य होतं: 5 तारखेला टोचलं तर 15 पासून. आदल्या दिवशी धावतपळत घेतलेली लस कागदावर शून्य.

कार्ड हातात पडलं की काउंटरवरच वाचा. नाव पासपोर्टवरच्यासारखंच आहे ना? बॅच क्रमांक, डॉक्टरांची सही, केंद्राचा शिक्का आणि तुमची सही? चूक दिसली तर पेनाने गिरवू नका, खाडाखोड झालेलं कार्ड बाद ठरतं. नवीन मागा.

जुनं कार्ड कपाटात असेल तर फेकू नका. 11 जुलै 2016 पासून हे प्रमाणपत्र आयुष्यभर ग्राह्य आहे, त्यावर दहा वर्षांची मुदत छापलेली असली तरीही.