पार्श्वभूमी : नाश्त्याच्या सभेतला पाहुणा वक्ता

रोटरी, लायन्स किंवा तशाच एखाद्या सेवाभावी क्लबची सकाळची सभा सोलापुरात कशी होते, हे शहराला चांगलं माहीत आहे. इडली-वडा किंवा सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा पदार्थ), चहा, घंटा, पाहुण्यांची ओळख, वीस मिनिटांचं भाषण, दोन-तीन प्रश्न, स्मृतिचिन्ह, आभार. पाहुणा वक्ता नसेल तर सभा झाल्यासारखी वाटत नाही. पण हे क्लब जन्माला आले तेव्हा बाहेरचा वक्ता बोलवावा हे कुणाच्या मनातही नव्हतं.

२३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागोत चौघे जण एका कचेरीत जमले. पॉल हॅरिस वकील. बाकीच्यांत एक कोळशाचा व्यापारी, एक खाणकामाचा अभियंता आणि एक शिंपी. पुढच्या सभा आळीपाळीने एकेकाच्या कामाच्या जागी घ्यायच्या असं ठरलं आणि त्या फिरत्या पद्धतीवरूनच रोटरी हे नाव पडलं. एका व्यवसायातला एकच सदस्य घ्यायचा, ही सुरुवातीची अट होती. मोठ्या अनोळखी शहरात मैत्री व्हावी आणि जमलं तर एकमेकांना धंदा मिळावा, एवढाच साधा हेतू होता. अशा मंडळात बोलणार कोण? ज्याचा जो व्यवसाय, त्यावर तोच.

या प्रकाराला क्लबच्या भाषेत आजही ‘क्लासिफिकेशन टॉक’ म्हणतात. नव्या सदस्याने आपल्या कामाबद्दल बोलायचं. माझ्या मते क्लबमधला हा सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात ऐकण्याजोगा प्रकार आहे. सूत कोणत्या भावाने घेतलं, टॉवेलची निर्यात कशावर अडते, भूलतज्ज्ञ ऑपरेशनच्या आधी रुग्णाला नेमके कोणते प्रश्न विचारतो आणि का, हे त्या त्या माणसाइतकं नेटकं दुसरा कोण सांगणार? पण हल्ली बहुतेक ठिकाणी हे भाषण पाच मिनिटांत ‘माझा परिचय’ म्हणून उरकलं जातं.

शिकागोच्या क्लबचं तोंड बाहेर वळलं ते दुसऱ्या वर्षी. डोनाल्ड कार्टर नावाच्या वकिलाला १९०६ मध्ये सदस्य होण्याचं आमंत्रण गेलं. सदस्यांनी एकमेकांचंच भलं करायचं आणि शहराला काहीच द्यायचं नाही, अशा क्लबचा उपयोग काय, अशी शंका त्याने काढली. ती हॅरिसला पटली. १९०७ मध्ये क्लबने हाती घेतलेलं पहिलं सार्वजनिक काम होतं शिकागोत सार्वजनिक स्वच्छतागृह उभं करण्याचं. असं काम करायचं म्हटलं की शहराबद्दल ऐकून घ्यावं लागतं, आणि ते सांगणारे लोक क्लबच्या बाहेर असतात. शिवाय साधं गणितही होतं. आठवड्याला एक सभा म्हणजे वर्षाला बावन्न. तीस-चाळीस सदस्यांचे व्यवसाय एका वर्षात ऐकून संपतात.

व्याख्यान ऐकायची सवय मात्र अमेरिकेत जुनी होती. १८२६ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या मिलबरी गावी जोसाया होलब्रुकने पहिलं ‘लायसियम’ काढलं आणि गावोगावी लोकशिक्षणाच्या व्याख्यानमाला सुरू झाल्या. क्लबांनी त्या व्याख्यानाला जेवणाच्या सुट्टीत बसेल इतकं छोटं केलं.

लायन्स १९१७ मध्ये मेल्विन जोन्सच्या पुढाकाराने सुरू झाली, तीही शिकागोतूनच. तिच्या उद्देशांत एक कलम आहे, त्याचा आशय असा : लोकहिताच्या सर्व प्रश्नांवर मोकळ्या चर्चेसाठी व्यासपीठ द्यावं, मात्र पक्षीय राजकारण आणि सांप्रदायिक धर्म यांवर सदस्यांनी वाद घालू नये. म्हणजे चर्चेचं व्यासपीठ हा क्लबच्या घोषित कामाचाच भाग झाला.

आणि एका पाहुण्या वक्त्याने या संस्थेची दिशाच ठरवली. ३० जून १९२५ रोजी ओहायोतल्या सीडर पॉइंट इथे लायन्सचं अधिवेशन होतं. व्यासपीठावर हेलन केलर. दिसत नाही, ऐकू येत नाही अशा या बाईंनी श्रोत्यांना अंधारावर स्वारी करणारे अंधांचे शिलेदार व्हा, असं आवाहन केलं. टाळ्या पडल्या आणि विषय संपला, असं झालं नाही. दृष्टिरक्षण हे लायन्सचं मुख्य काम ठरलं ते तिथून. १९३० मध्ये पिओरियाच्या लायन्स क्लबने अंध व्यक्तींसाठी पांढऱ्या काठीचा पुरस्कार केला. भारतात लायन्स १९५६ मध्ये मुंबईत आली आणि पुढे आपल्याकडे मोतीबिंदूची शिबिरं आणि लायन्सचं नाव हे समीकरणच झालं. तालुक्याच्या गावी शाळेच्या व्हरांड्यात लागलेल्या नेत्रतपासणीच्या रांगेचा उगम त्या एका भाषणात आहे.

त्या भाषणात प्रेरणा वगैरे होतीच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे केलरबाईंनी काहीतरी मागितलं. आजच्या बहुतेक पाहुण्या वक्त्यांकडून नेमकं हेच राहून जातं. अर्थात क्लबनेही त्यांना तसं कधी सांगितलेलं नसतं. एक विसंगतीही इथेच नोंदवायला हवी. हेलन केलरचं ऐकून काम ठरवणाऱ्या लायन्सने स्त्रियांना रीतसर सदस्यत्व खुलं केलं १९८७ मध्ये. त्याच वर्षीच्या ४ मे रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रोटरीविरुद्ध निकाल दिला आणि १९८९ मध्ये रोटरीने जगभरासाठी नियम बदलला. तोवर बाईला व्यासपीठावर हार मिळायचा, पण हजेरीपटावर जागा नव्हती.

भारतात पहिला रोटरी क्लब १९१९ मध्ये कलकत्त्यात स्थापन झाला. सुरुवातीचे सदस्य बहुतेक युरोपीय, कारभार इंग्रजीत. मुंबईत १९२९ मध्ये आणि पुण्यात १९३६ मध्ये क्लब निघाले. तोवर मराठी माणसाला व्याख्यान ही काही नवी गोष्ट राहिली नव्हती. न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली ती १८७५ मध्ये, म्हणजे रोटरीच्या जन्माआधी तीस वर्षं. ती संध्याकाळची, उन्ह उतरल्यावरची, कुणीही येऊन बसावं अशी. वक्ता तासभर बोलणार आणि त्यानंतर अध्यक्षांचा समारोप वेगळाच.

सोलापूरचा श्रोताही असाच घडलेला. १८७० च्या दशकात इथे पहिली कापड गिरणी उभी राहिली. गिरणीच्या भोंग्यावर चालणाऱ्या या शहरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणारे लोक एकाच सभेला येत. १९३० च्या मे महिन्यात इथे मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना येरवड्यात फाशी झाली. जाहीर सभा म्हणजे काय आणि तिची किंमत काय, हे या गावाला वेगळं शिकवावं लागलं नाही. १९४१ मध्ये वि. स. खांडेकरांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन इथेच भरलं. त्यामुळे सोलापुरातल्या क्लबच्या सभेत दोन्ही घराण्यांच्या खुणा दिसतात. घंटा आणि घड्याळ शिकागोचं, शाल-श्रीफळ आणि लांबलेला परिचय आपला. परिचयात वक्त्याच्या सगळ्या पदव्या आणि पुरस्कार वाचून होईपर्यंत वीसपैकी पाच मिनिटं गेलेली असतात.

आता नाश्ता. अमेरिकेत मूळ प्रथा दुपारच्या जेवणाची. भारतातल्या क्लबांना संध्याकाळ आणि रात्रीचं जेवण सोयीचं पडलं, कारण कुटुंबाला सोबत नेता येतं. सकाळच्या सभांची सोय वेगळी आहे. डॉक्टरांची ओपीडी, वकिलांचं कोर्ट, पेठेतली दुकानं हे सगळं सुरू होण्याआधी मोकळं होता येतं. जेवणापेक्षा नाश्त्याचा खर्च कमी, त्यामुळे वर्गणीवर ताण नाही. आणि एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या पुढे असताना सोलापुरात माणसाचं डोकं धड चालतं ते सकाळीच.

पण नाश्त्याच्या वेळेने वक्ता कोण असावा हेही ठरवून टाकलं. पुणे इथून अडीचशे किलोमीटर. सकाळी आठला सोलापुरात बोलायचं तर पुण्याच्या पाहुण्याला आदल्या संध्याकाळी हुतात्मा एक्स्प्रेस पकडून रात्री दहाच्या सुमारास उतरावं लागतं. मुक्काम आला, स्टेशनवर घ्यायला जाणारा सदस्य आला, खर्च आला. वक्त्याला मानधन द्यायचं नाही, ही तर क्लबांची जुनी रीत. साहजिकच नाश्त्याच्या सभेला गावातला माणूस बोलवणं सोपं जातं.

मला हे सकाळच्या सभेचं सगळ्यात मोठं देणं वाटतं. संध्याकाळच्या मोठ्या कार्यक्रमाला बाहेरचं नाव लागतं, पोस्टर लागतं. सकाळी मात्र केगावच्या डाळिंब संशोधन केंद्रातला शास्त्रज्ञ येऊन तेल्या रोगाबद्दल बोलू शकतो. ते राष्ट्रीय केंद्र २००५ पासून इथे आहे आणि शहरातल्या किती जणांनी ते आतून पाहिलंय, हा प्रश्नच आहे. नान्नजच्या माळढोक अभयारण्याची घोषणा १९७९ ची. माळरान नाहीसं झालं की पक्षी कसा नाहीसा होतो, हे सांगणारा वनाधिकारी अर्ध्या तासाच्या अंतरावर असतो. उजनी धरणाचं पाणी शंभरावर किलोमीटर वाहून आणूनही नळाला काही दिवसांआडच का येतं, हे महापालिकेच्या अभियंत्याइतकं कोण सांगणार? वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालय १९६३ चं, विद्यापीठ २००४ चं. दोन्हीकडे बोलण्यासारखी माणसं आहेत. चीनमध्ये ज्यांचे पुतळे आहेत त्या डॉ. द्वारकानाथ कोटणिसांचं स्मारक भैय्या चौकात आहे, त्यावरही एक सकाळ सहज जाईल. आणि गावचा वक्ता मराठीत बोलतो, मध्येच हिंदीत शिरतो, प्रश्नाला कन्नडमधून उत्तर देतो. तिथे इंग्रजीचा आब राखावा लागत नाही.

प्रत्यक्षात प्रोग्राम कमिटीकडे येणारी नावं बहुधा तीन प्रकारची असतात. मधुमेहावर बोलणारा डॉक्टर, यशाची सूत्रं सांगणारा प्रेरणादायी वक्ता आणि गुंतवणुकीचं मार्गदर्शन करायला आनंदाने फुकट येणारा सल्लागार, जो शेवटी आपली कार्डं वाटतो. पहिल्याबद्दल माझी तक्रार नाही, फक्त तो बोलत असताना ताटात जिलेबी नसावी. तिसऱ्याला सौम्यपणे नाही म्हणता आलं पाहिजे. निवडणुकीच्या हंगामात चौथा प्रकार येतो. पक्षीय राजकारण वर्ज्य असल्याने इच्छुक उमेदवाराला वक्ता म्हणून बोलवता येत नाही, मग तो ‘प्रमुख पाहुणा’ म्हणून येतो आणि वक्त्यापेक्षा जास्त बोलतो.

गेल्या काही वर्षांत सभांची संख्याच बदलली. रोटरीत दर आठवड्याची सभा आणि हजेरीचा कडक हिशेब ही जुनी शिस्त होती. सभा चुकली तर दुसऱ्या क्लबच्या सभेला बसून ती भरून काढायची. २०१६ मध्ये नियम सैल झाले आणि महिन्यातून दोन सभाही पुरेशा ठरल्या. मग २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि सभा झूमवर गेल्या. अचानक पुण्या-मुंबईचाच काय, अमेरिकेतला सोलापूरकरही प्रवासखर्चाशिवाय वक्ता म्हणून मिळू लागला. सभा पुन्हा हॉलमध्ये भरू लागल्यावर ती चैन कमी झाली.

वक्त्यांची यादी ठरते ती मात्र पूर्वीसारखीच, जूनमध्ये. रोटरी आणि लायन्स दोघांचंही वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि नवा अध्यक्ष उत्साहात पहिल्या चार महिन्यांचे वक्ते पक्के करून टाकतो. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा, मग लग्नसराई, मग परीक्षा. एप्रिल-मे उजाडतो तेव्हा मावळता अध्यक्ष अहवाल, हिशेब आणि डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे अनेक क्लबांच्या गटाच्या, पारितोषिकांचे अर्ज यांत बुडालेला असतो. सोलापुरात पाण्यावरच्या भाषणाला खरा श्रोता मिळतो तो नेमका याच दोन महिन्यांत, आणि यादीत रिकाम्या जागाही याच दोन महिन्यांत असतात. ऑगस्टमध्ये, धरण भरत आलेलं असताना, महापालिकेच्या त्या अभियंत्याला बोलवलं तर प्रश्न विचारायला कुणी हात वर करत नाही.