उपग्रहातला पांढरा ढग आणि रडारवरचा लाल डाग

जून लागला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर हे ठरलेलंच. कोणीतरी इन्सॅट या हवामान उपग्रहाचं चित्र टाकतं, मुंबईवर पांढराफटक ढग, आणि खाली मजकूर: 'रडार बघा, आज विमानं बोंबलली!' अहो, ते रडार नाही.

रडारचं सगळ्यांना ठाऊक आहे. कुलाब्याचं किंवा वेरावलीचं रडार लहरी सोडतं, थेंबांवर आपटून त्या परततात. लाल म्हणजे जोराचा पाऊस. झालं.

घोळ होतो तो उपग्रहाच्या इन्फ्रारेड, म्हणजे उष्णतेच्या लहरी टिपून काढलेल्या चित्रात. ३६,००० किलोमीटरवरून तो फक्त ढगाच्या माथ्याचं तापमान मोजतो. माथा जितका थंड, तितका चित्रात पांढरा. आणि थंड म्हणजे उंच. त्याखाली पाऊस पडतोय का, हे त्यात दिसतच नाही. गडगडाटी ढगाचा माथा वरच्या वाऱ्याने दूरवर पसरतो, त्या पांढऱ्या चादरीखाली कितीतरी भाग कोरडा असतो. उलटंही होतं. कोकणातला पावसाळी ढग बऱ्याचदा फार उंच न वाढताच धो-धो कोसळतो. गेल्या जुलैत पार्ल्याच्या घरी गॅलरीत बादली ठेवायची वेळ आली होती, आणि मोबाईलवरच्या उपग्रहाच्या चित्रात मुंबई नुसती राखाडी!

छत्री घ्यायची का, यासाठी हे चित्र कुचकामी. वैमानिकाला मात्र उंचीच तर हवी असते. दुबईहून येणारं विमान साधारण ११ किलोमीटरवरून उडतं. वाटेतल्या ढगाचा माथा उणे ७० अंश असेल, तर तो विमानाच्याही बराच वर गेलाय, वरून ओलांडता येणार नाही, वळसाच घ्यायचा. शिवाय खोल समुद्रावर किनाऱ्याचं रडार पोचत नाही. पृथ्वीच्या गोलाईमुळे त्याचा झोत लांब गेल्यावर ढगांच्या डोक्यावरून जातो. तिथे उपग्रहच डोळा. लागोपाठच्या चित्रांत ढग किती सरकले त्यावरून वरचा वारा काढतात, तो अंदाजाच्या संगणकी मॉडेलमध्ये जातो, आणि पुढच्या काही तासांचा अंदाज सुधारतो. सांताक्रूझला उतरतानाच्या शेवटच्या वीस मिनिटांना मात्र मी रडारवरच विश्वास ठेवीन.

रंग भरलेलं इन्फ्रारेड चित्र तर मला डोळ्यांसमोर नको. त्यातही लाल असतो, आणि तोही तापमानाचाच. फॉरवर्ड करण्याआधी कोपऱ्यात बघा: 'टीआयआर' (TIR, थर्मल इन्फ्रारेड) असेल तर तापमान, 'डीबीझेड' (dBZ, परतलेल्या लहरींच्या जोराचं माप) असेल तर रडार.