नेता खोलीबाहेर गेल्यावर

रॅल्फ स्टॉगडिल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1948 साली एक चिकाटीचं काम पूर्ण केलं. 1904 ते 1947 या काळात नेत्यांच्या गुणांवर झालेले 124 अभ्यास त्याने एकत्र तपासले. बुद्धिमत्ता, जबाबदारीची जाणीव, आत्मविश्वास हे गुण नेत्यांमध्ये इतरांपेक्षा थोडे जास्त आढळले खरे, पण ते अंगी असले की माणूस कुठेही नेता होतो असं दिसेना. एका गटात पुढारी ठरलेला माणूस दुसऱ्या गटात मागे पडत होता. स्वभावाचा वाटा असतोच, हे पुढच्या संशोधनाने दाखवलं. मात्र ‘जन्मजात नेता’ ही कल्पना तेव्हा जी डळमळली ती पूर्वीच्या जागी परत आली नाही.

मला त्याहून मोलाचा वाटतो तो थोडा आधीचा प्रयोग. कुर्ट लेविन हा ज्यू मानसशास्त्रज्ञ हिटलर सत्तेवर आल्यावर 1933 मध्ये जर्मनी सोडून अमेरिकेत आला. आयोवा विद्यापीठात रोनाल्ड लिपिट आणि रॅल्फ व्हाइट यांच्यासह त्याने दहा-अकरा वर्षांच्या मुलांचे छोटे क्लब तयार केले. मुखवटे बनवण्यासारखी हस्तकला हे क्लबचं काम, आणि नेता म्हणून एक मोठा माणूस. हा नेता कधी प्रत्येक पायरीचा हुकूम सोडायचा, कधी मुलांशी चर्चा करून काम ठरवायचा, तर कधी सगळं मुलांवर सोडून बाजूला बसायचा. नेते आणि त्यांच्या पद्धती आलटूनपालटून बदलल्या, म्हणजे फरक माणसामुळे पडतो की पद्धतीमुळे, हे कळावं.

नेता समोर असताना हुकूमशाहीत दबून राहिलेल्या गटांचा 74 टक्के वेळ कामात जात होता, लोकशाही गटांचा 50 टक्के. आकडा एवढाच पाहिला तर हुकूमशहा जिंकला! मग नेता ठरवून खोलीबाहेर गेला. दबलेल्या गटांचं काम 29 टक्क्यांवर आलं. लोकशाही गटांचं 46 टक्क्यांवर टिकलं. हुकूमशाही गटांत काही ठिकाणी मुलं एकमेकांवर तुटून पडली, एखाद्याला लक्ष्य करून इतकं छळलं गेलं की त्याने क्लबच सोडला. हुकूमशहा आणि लोकशाहीवादी यांतला कोण आवडला, असं विचारल्यावर 20 पैकी 19 मुलांनी लोकशाहीवादी नेत्याचं नाव घेतलं.

प्रयोग लहान होता, मुलं अमेरिकन होती आणि संशोधकांची सहानुभूती कुठे होती हे उघड आहे. तरीही त्यांनी शोधलेली मोजपट्टी मला पक्की वाटते: नेत्याची पाठ वळल्यावर काम किती उरतं?

पण ही लोकशाही पद्धत उचलून भारतातल्या कारखान्यात लावली तर? पाटण्यात काम करणारे मानसशास्त्रज्ञ जय बी. पी. सिन्हा यांना इथे वेगळंच चित्र दिसलं. वरिष्ठाने मार्ग दाखवावा, जवळीक दाखवावी, अशी अनेकांची अपेक्षा असते. त्यांना एकदम ‘तुम्हीच ठरवा’ म्हटलं तर त्यांना तो साहेबाचा कमकुवतपणा वाटू शकतो. सिन्हांनी 1980 च्या सुमारास मांडलेला नेता घरातल्या वडीलधाऱ्यासारखा आहे. तो माया करतो, पण ती फुकट मिळत नाही. जो मन लावून काम करतो त्याच्याकडे तो जास्त लक्ष देतो, त्याला शिकवतो, अडचणीत पाठीशी उभा राहतो. कामाची अपेक्षा स्पष्ट असते आणि ढिलाई खपवली जात नाही.

सिन्हांच्या मांडणीतला सर्वांत महत्त्वाचा भाग त्याच्या पुढचा आहे, आणि तोच बहुतेकदा विसरला जातो. हाताखालचा माणूस तयार होत जाईल तसतसं नेत्याने सूचना कमी करायच्या, निर्णयांत त्याला ओढायचं आणि शेवटी लोकशाही पद्धतीकडे सरकायचं. माया आणि शिस्त ही त्यांच्या दृष्टीने वाटेवरची पायरी होती. आपल्याकडचे पुष्कळ प्रेमळ साहेब त्या पायरीवरच वर्षानुवर्षं थांबतात. माणसं त्यांना दैवत मानतात, आणि ते रजेवर गेले की फायली टेबलावर पडून राहतात.