सेटिंग लिहिली, तरी लागू का होत नाही? विम सुरू होताना वाचतो त्या फाइलींचा क्रम

विम हा टेक्स्ट एडिटर. त्याच्या सेटिंगसाठी होम डिरेक्टरीतल्या .विमआरसी फाइलीत एक ओळ लिहायची, विम बंद करून पुन्हा उघडायचा आणि काहीच बदललेलं दिसत नाही. मग स्पेलिंग तपासलं जातं, तीच ओळ आणखी एकदा लिहिली जाते. बहुतेक वेळा ओळ बरोबरच असते. एक तर तिच्यानंतर चाललेल्या दुसऱ्या फाइलीने ती सेटिंग बदललेली असते, नाहीतर आपली फाइल विमने वाचलेलीच नसते.

विमआरसी ही कमांडची फाइल आहे, हे आधी पक्कं लक्षात घ्यावं. विममध्ये कोलन दाबून आपण जे टाइप करतो, तेच या फाइलीत ओळीने लिहिलेलं असतं आणि विम ते वरून खाली चालवत जातो. एकच सेटिंग दोनदा आली तर नंतरची टिकते. पाच फाइली वाचल्या गेल्या तरी नियम तोच, म्हणून सगळा प्रश्न क्रमाचा आहे.

सुरुवातीला सिस्टिमची फाइल चालते. ती मशीनवरच्या सगळ्यांसाठी असते. डेबियन आणि उबुंटूमध्ये ती /एटसी/विम/विमआरसी इथे सापडते. इतरत्र कुठे आहे हे ‘विम --व्हर्जन’ दिल्यावर कळतं. त्यानंतर वापरकर्त्याची पाळी, आणि इथे नियम उलटा होतो. विम एकेक जागा ठरलेल्या क्रमाने तपासतो आणि पहिली सापडली की थांबतो. सर्वांत आधी विमइनिट नावाचा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (सिस्टिममध्ये नावाने साठवलेलं मूल्य), मग होममधली .विमआरसी, मग .विम फोल्डरमधली विमआरसी, आणि नव्या आवृत्त्यांत त्यानंतर .कॉन्फिग/विम/विमआरसी. म्हणजे होममध्ये जुनी .विमआरसी पडून असेल, तर .विम फोल्डरमध्ये कितीही मन लावून लिहिलेली नवी फाइल उघडलीही जात नाही. एररही येत नाही. जुनी फाइल हलवणं किंवा तिचं नाव बदलणं, एवढाच उपाय.

यातलं काहीच सापडलं नाही, तर विम स्वतःची डिफॉल्ट्स.विम ही फाइल चालवतो. २०१६ साली आलेल्या ८.० आवृत्तीपासून ही सोय आहे. रंगीत सिंटॅक्स, टाइप करता करता शोध, कर्सरच्या वर-खाली पाच ओळी दिसत राहणं, हे सगळं नव्या माणसाला आयतं मिळतं. पण तो एका ओळीची .विमआरसी बनवतो आणि ही फाइल बाजूला पडते. सिस्टिमच्या फाइलीत तसं काही लिहिलेलं नसेल तर रंग जातात, आणि दोष त्या बिचाऱ्या एका ओळीला दिला जातो. आपल्या फाइलीच्या अगदी वर ‘सोर्स $विमरनटाइम/डिफॉल्ट्स.विम’ लिहिलं की सगळं परत येतं, आणि खालच्या आपल्या ओळी नंतर चालत असल्यामुळे त्याच टिकतात.

सिस्टिम सांभाळणाऱ्यांना हीच फाइल दुसऱ्या बाजूने छळते. /एटसी मधल्या फाइलीत माउस बंद केला, तरी ज्यांची स्वतःची .विमआरसी नाही त्यांच्याकडे डिफॉल्ट्स.विम नंतर चालते आणि बहुतेक टर्मिनलांत माउस पुन्हा चालू करते. टर्मिनलमध्ये नेहमीसारखा मजकूर निवडून कॉपी करता येत नाही अशी तक्रार मग येते. सिस्टिमच्या फाइलीत ‘लेट जी:स्किप_डिफॉल्ट्स_विम = १’ लिहिलं की ती फाइल वगळली जाते.

विमआरसी संपल्यावर प्लगइन, म्हणजे विमला नव्या सोयी जोडणाऱ्या स्क्रिप्ट, लोड होतात. त्यामुळे प्लगइनने दिलेलं फंक्शन विमआरसी चालताना अस्तित्वातच नसतं. प्लगइनची कीमॅपिंग (कोणत्या कीने काय व्हावं ते) बदलायची असेल तर ती ओळ .विम/आफ्टर/प्लगइन या फोल्डरमधल्या फाइलीत ठेवावी. आफ्टर फोल्डर शोधमार्गाच्या शेवटी असतं, म्हणून त्याचा शब्द अखेरचा.

सगळ्यांत फसवी गोष्ट त्याही नंतर घडते. समजा, .विमआरसीत ‘सेट शिफ्टविड्थ=२’ लिहिलं आहे, म्हणजे इंडेंट दोन स्पेसचं हवं, आणि पायथॉनची फाइल उघडली. इंडेंट चारच स्पेसचं पडतं. फाइलटाइप प्लगइन चालू असेल तर पायथॉनची फाइल ओळखली गेल्याक्षणी विमसोबत येणारी एफटीप्लगइन/पायथॉन.विम चालते आणि त्या बफरपुरतं (उघडलेल्या त्या फाइलीपुरतं) मूल्य चार करते. अंदाज बांधत बसू नये, विमलाच विचारावं: ‘:व्हर्बोज सेट शिफ्टविड्थ?’ उत्तरात मूल्य येतं आणि खाली ते शेवटचं कोणत्या फाइलीने बदललं तेही येतं. नव्या आवृत्त्या ओळीचा क्रमांकसुद्धा देतात. ही एक कमांड पाठ असली तर तासन्‌तास वाचतात. दुरुस्ती .विम/आफ्टर/एफटीप्लगइन/पायथॉन.विम मध्ये करायची, आणि तिथे ‘सेट’ नको, ‘सेटलोकल’ लिहायचं. ‘सेट’ जागतिक मूल्यही बदलतं, मग त्यानंतर उघडलेल्या इतर फाइलींतही दोन स्पेस शिरतात.

कोणत्या फाइली कोणत्या क्रमाने चालल्या, त्याची यादी ‘:स्क्रिप्टनेम्स’ देते. आपली फाइल त्यात नसेल तर तिच्यातल्या ओळी तपासण्यात अर्थ नाही, आधी जागा तपासावी. दोष आपल्या सेटिंगचा की विमचा, हे ठरवायला ‘विम --क्लीन’ वापरावं. त्यात आपली विमआरसी आणि प्लगइन दोन्ही वगळली जातात. ‘विम -यू नोआरसी’ मध्ये विमआरसी वगळली जाते, प्लगइन मात्र लोड होतात. दोन्हींतला फरक पाहिला की शोधाचं क्षेत्र निम्मं होतं.

विंडोजवर लिहिलेली फाइल लिनक्सवर नेली तर प्रत्येक ओळीच्या शेवटी एक जास्तीचं अदृश्य अक्षर राहतं आणि विम उघडताच ‘ई४९२’ चे एरर येतात. फाइल विममध्ये उघडून ‘:सेट फाइलफॉरमॅट=युनिक्स’ द्यावं आणि सेव्ह करावी.

सिस्टिमची फाइल बदलायला ‘सुडो विम’ वापरलं की विम रूट (सर्वाधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून चालतो, आणि बऱ्याच मशीनवर होम डिरेक्टरीही रूटची धरली जाते. तिथे आपली .विमआरसी नसते. ‘सुडोएडिट’ मात्र फाइलीची तात्पुरती प्रत काढतो, एडिटर आपल्याच नावाने चालवतो आणि सेव्ह केल्यावर प्रत जागेवर ठेवतो. सेटिंग आपल्या राहतात, शिवाय प्लगइनचा कोड रूटच्या अधिकाराने चालत नाही.